कूलर चालू असताना मोजलेला आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या डॉक्टर मॅडमना नाही, आणि ज्यांचं नुकसान झालं त्या बाईंना तर नाहीच. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, मला कळलं की ताडकळसकडच्या एका शिक्षिकेच्या आवाजाचा मी काढलेला आकडा खोटा आहे. यंत्रात बिघाड नव्हता, बाईंच्या घशातही नव्हता. माझ्या खोलीतला कूलर चालू होता, एवढंच. कळल्यावर मी फोन हातात घेतला, त्यांचा नंबर लावला, पलीकडून "हॅलो" ऐकू आलं, आणि मी फोन कापला. त्यानंतर दोन वर्षं गप्प बसलो.

आज लिहायला बसलोय ते गेल्या आठवड्यात जे घडलं त्यामुळं. खूप दिवसांनी दुपारी जेवून मला शांत झोप लागली. आणि उठल्यावर वाटलं, आता तरी लिहून ठेवावं.

माझं काम लोकांचे आवाज मोजायचं. परभणीतल्या एका दवाखान्यात कान-नाक-घसा विभागाला लागून माझी खोली आहे. मोंढ्यात सोयाबीनच्या सौद्याची बोली पुकारणारे एक मामा घसा कायमचा बसला म्हणून आले होते, त्यांनी खुर्चीत बसता बसता मला विचारलं, "आवाज मोजायला तो काय गहू हाय का?"

मी म्हणालो, मोजावा लागतो. घसा बसला म्हणणाऱ्या दहा जणांचं दुखणं दहा तऱ्हेचं असतं. औषध आणि व्यायाम लागू पडले की नाही हे दोन महिन्यांनी कशावरून ठरवायचं? पेशंट म्हणतो बरं वाटतंय, सोबत आलेली बायको म्हणते कुठं काय, हाय तसंच हाय. म्हणून आकडा लागतो.

पद्धत साधी आहे. माणसाला खुर्चीत बसवतो. तोंडापासून चार बोटांवर, जरा बाजूला, माइक ठेवतो. मोठा श्वास घ्यायचा आणि 'आ' म्हणत तो श्वास संपेपर्यंत स्वर धरून ठेवायचा. माझ्या हातात स्टॉपवॉच. पहिल्यांदा प्रत्येक जण हसतोच. मोंढ्यातले मामा तर तोंड उघडून नुसतेच थांबले आणि म्हणाले, "दात बगायचे हाईत का?" मग लॅपटॉपमधला प्रोग्राम त्या 'आ'चे बारीक तुकडे करतो. एक थरथर आणि तिच्यामागची थरथर सारखी आहे का, स्वर किती आणि खरखर किती, हे बघतो. त्याचे आकडे येतात, दशांश चिन्हापुढं तीन घरं. शेवटी तीस प्रश्नांचा एक कागद असतो. आवाजामुळं फोनवर बोलायचं टाळता का, लोक "काय म्हणालात?" असं परत परत विचारतात का, असे प्रश्न. मामांनी सगळीकडं 'कधीच नाही' असं लिहायला लावलं. म्हणाले, "अडचण मला न्हाई. ऐकणाऱ्याला हाय."

असे चार पुरावे असतात. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलेले स्वरतंतू, स्टॉपवॉचचे सेकंद, पेशंटचा कागद आणि यंत्राचा आकडा. पाचवा पुरावा माझा कान. त्याला फाइलमध्ये रकाना नाही.

नोकरीच्या सुरुवातीला एकदा मी मॅडमना म्हणालो होतो की अमुक पेशंटचा आवाज मला मोकळा वाटतोय. मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण कामाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "तुमचा कान चांगला आहे सर, मला माहितीये. पण कान सही करत नाही. मला आकडा द्या." त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीच तेव्हापासून कानावर ऐकलेलं बोलून दाखवायचं सोडलं. बोलणं कमी करायला मला तशीही निमित्तं लागत नाहीत.

बाई पहिल्यांदा आल्या त्या फेब्रुवारीत. पन्नाशीच्या आसपास, पांढरी सुती साडी, पर्समध्ये खडूचा तुकडा. पंचवीस वर्षं पहिलीचा वर्ग. पहिलीचा वर्ग म्हणजे पन्नास पोरांवर वरचढ आवाज. शिवाय गावातल्या विहारात दर पौर्णिमेला वंदना त्याच सांगायच्या. आधी त्यांचे वडील सांगायचे, वडलांनंतर त्या. जयंतीच्या दिवसांत रोज संध्याकाळी गाणी. त्यांचे यजमान बसमध्ये कंडक्टर, तेही सोबत होते. ते म्हणाले, "हिचा आवाज म्हंजे आमच्या गावचा भोंगा होता सर. आता बगा, फुटक्या माठावानी वाजायलाय."

बाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. बोलायला गेल्या तर निम्मे शब्द हवेत जात होते.

दुर्बिणीतून दोन्ही स्वरतंतूंवर छोट्या गाठी दिसल्या. आवाज वापरून वापरून पडतात तशा, हाताला घट्टे पडावेत तशा. बाईंनी 'आ' धरला तो सहा सेकंद. यंत्राचा आकडा वाईट आला. मॅडमनी तीन महिने आराम आणि व्यायाम सांगितला. व्यायाम मी घेत होतो. दर शनिवारी बाई बसनं यायच्या. जयंतीला त्या गेल्या नाहीत. म्हणजे गेल्या, पण मागं बसून टाळ्या वाजवत होत्या, असं त्यांनीच सांगितलं. "एवढं वर्ष फक्त," त्या म्हणाल्या. मीही म्हणालो, "एवढं वर्ष फक्त."

एप्रिलच्या मध्याला माझ्या खोलीत कूलर आला. दोन उन्हाळे मी त्यासाठी अर्ज करत होतो. खोलीला एकच खिडकी, तीही पश्चिमेला. दुपारी तीनला लॅपटॉप हातानं धरवायचा नाही. कूलर बसवला तेव्हा मला राज्य मिळाल्यागत वाटलं. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास खोलीभर. पेशंट आत आले की डोळे मिटून घ्यायचे, "आहाहा, सर," म्हणायचे. काही जण तपासणी झाली तरी उठायचे नाहीत.

यंत्राच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय की आवाज शांत खोलीत घ्यावा. मी ते वाचलं होतं. दुसऱ्यांना शिकवलंही होतं. दार लावायचो, पंखा बंद करायचो, मोबाइल बाहेर ठेवायला लावायचो, बाहेरच्या बाकड्यावर कुणी बोलत असलं तर जाऊन गप्प करायचो. आणि कूलर चालूच ठेवायचो. कुणी म्हणेल, हे कसं शक्य आहे? परभणीत मे महिन्यात राहून बघा. इथं उन्हाळ्यात प्रत्येक घरात, दुकानात, कचेरीत कूलर घरघरत असतो. ती घरघर कानाला ऐकूच येत नाही. बंद पडली तरच ऐकू येते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी बाईंची शेवटची तपासणी होती. त्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार सर, काय ऊन हो हे!" ते वाक्य मला अजून आठवतं. वाक्यात काही नाही, पण प्रत्येक शब्द कडेपर्यंत भरलेला होता. माझा कान म्हणाला, बरा झाला. स्टॉपवॉचवर चौदा सेकंद आले. कागदावर बाईंनी जवळजवळ सगळीकडं 'कधीच नाही' लिहिलं होतं. मॅडमना दुर्बिणीत गाठी बसलेल्या दिसल्या.

आणि यंत्राचा आकडा वाईट आला. फेब्रुवारीइतकाच.

मॅडमनी फाइल बराच वेळ बघितली. मला विचारलं, "परत घेतलं का?" मी म्हणालो, "तीन वेळा घेतलं मॅडम." खरंच तीन वेळा घेतलं होतं. तिन्ही वेळा कूलर चालू होता.

"गाठी बसल्यात, पण आकडा बसत नाही," मॅडम म्हणाल्या. "आत काहीतरी असेल जे मला दिसत नाहीये. धोका नको." त्यांनी बाईंना समजावलं की वर्गावर शिकवणं थांबवा, गाणं थांबवा, सहा महिन्यांनी परत दाखवा. शाळेसाठी तसं पत्र दिलं. बाईंनी पत्राची घडी घातली, पर्समध्ये खडूच्या तुकड्याशेजारी ठेवली. दाराशी थांबून मला म्हणाल्या, "सर, मला तर बरं वाटत होतं."

मी काय म्हणालो ते लिहायला हवं. मी म्हणालो, "वाटण्यावर जाऊ नका बाई. आकडा खोटं बोलत नाही."

पुढचा मंगळवार. कुल्फीचा गाडा लावणारा एक गडी खुर्चीत बसला होता. 'आ' धरला आणि लाइट गेली. कूलर थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, म्हणून मी त्याला म्हणालो, होऊन जाऊ द्या. आकडा आला तो ठणठणीत माणसाचा. मी म्हटलं काहीतरी गडबड आहे. पाच मिनिटांत लाइट आली, कूलर घरघरायला लागला, मी पुन्हा 'आ' म्हणायला लावलं. आकडा आजारी. गडी वैतागून म्हणाला, "साहेब, घसा बरा हाय का न्हाई, एकदा काय ते सांगा."

त्याला बाहेर बसवलं. दार लावलं. माझ्याच तोंडाशी माइक धरला. कूलर चालू ठेवून 'आ'. बंद करून 'आ'. परत चालू करून 'आ'. माझ्या घशात कसलाही बिघाड नाही. पण कूलरसोबत मोजला की मीसुद्धा पेशंट निघत होतो. यंत्राला काय माहीत, खरखर घशातली आहे की खिडकीतली? त्याला जे ऐकू आलं ते त्यानं इमानदारीनं मोजलं होतं.

खोलीत वाळ्याचा गार वास होता आणि मला दरदरून घाम फुटला.

शाळा उघडायला अजून महिना होता. पत्र अजून बाईंच्या पर्समध्येच असणार. एक फोन पुरला असता. फोन लावला, कापला, ते वर सांगितलंच. का कापला? माझी नोकरी कराराची. अकरा महिन्यांचा करार, जूनमध्ये नवा होणार होता. ज्याला शांत खोली म्हणजे काय हे कळत नाही त्याला परत कोण घेईल? हे कारण खरं आहे, पण अर्धंच. बाकी अर्धं असं, की "आकडा खोटं बोलत नाही" हे मी ज्या तोंडानं बोललो होतो, त्याच तोंडानं परत बोलायची मला लाज वाटली.

मी काय केलं, तर त्या दिवसापासून तपासणीच्या वेळी कूलर बंद करायला लागलो. कुणी विचारलं तर सांगायचो की गार हवेनं घसा आखडतो. आणि पुढं जे झालं ते आठवून माझा मलाच राग येतो. त्या चार-पाच आठवड्यांत जे पहिल्यांदा आले होते, त्यांचे पहिले आकडे कूलरमुळं वाईट आलेले. पुढच्या खेपेला कूलर बंद, त्यामुळं आकडे एकदम सुधारलेले. पावसाळ्यातल्या बैठकीत मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सरांच्या व्यायामाचा फरक बघा." करार नवा झाला. लोक म्हणायचे, सरांच्या हाताला गुण आहे. मी मान खाली घालून बसायचो. त्यांना वाटायचं, किती विनयशील माणूस.

शेवटची तपासणी कूलर चालू असताना झाली आणि पुन्हा आल्याच नाहीत, अशा एकट्या बाईच होत्या. सहा महिने झाले. मी नोंदवहीत त्यांचं नाव शोधायचो. वर्ष झालं. मी स्वतःला समजावलं की दुसरीकडं दाखवलं असेल, वर्गावर गेल्याही असतील. विचारलं मात्र कुणाला नाही. दीड तासावरचं गाव. मी दोन वर्षं तिकडचा रस्ताच धरला नाही.

या मे महिन्यात मात्र मेव्हण्याच्या सासरी ताडकळसला जाणं भाग पडलं. मोटारसायकल दुरुस्तीला होती, म्हणून बस. बाजारचा दिवस, उभं राहायला जागा नाही. तिकिटाचं यंत्र घेऊन कंडक्टर माझ्यापाशी आला आणि थांबला.

"सर! तुमी आवाजवाले न्हाई का? वळखलं का मला?"

ओळखलं होतं. मी विचारलं, "बाई कशा आहेत?"

"तब्येत छान हाय." त्यांनी मागच्या बाईला तिकीट दिलं, सुट्ट्यासाठी दोन शब्द ऐकवले, आणि परत माझ्याकडं वळले. "आवाजाचं म्हणाल तर लय दिवस झाले ऐकून."

"म्हणजे?"

"म्हंजे बोलतच न्हाई. अगदी गरजेपुरतं, ते बी कुजबुजल्यावानी. शाळेनं केंद्रावर बसवलंय, कॉम्प्युटरवर माहित्या भरायला. घरी नातवाला हाक मारायची तर टाळी वाजवती. मला बोलवायचं तर दोन टाळ्या." ते हसले. "सुरुवातीला गाडीवरचे लोक मला म्हणायचे, नशीबवान हायेस बाबा, घरात खामोशी हाय. मी बी हसायचो. आता हसायला येत न्हाई सर. घरात माणूस हाय का न्हाई तेच कळंना."

"परत दाखवायला का नाही आणलं?"

"भेती. म्हणती, आता आकडा अजून खराब आला तर? हाय तेवढा बी आवाज जायचा." पुढून कुणी ओरडलं, बेल मारा, थांबा आलाय. त्यांनी दोरी ओढली. "वंदना आता एक पोरगी सांगती, मोबाइलात बघून. ही मागं बसती. व्हट हालवती नुसते."

मी त्यांचा दंड धरला. मला वाटतं जरा जोरातच धरला. "उद्या घेऊन या. उद्याच."

"काहून? काय झालं?"

"काही नाही. घेऊन या फक्त."

दुसऱ्या दिवशी अकराला ते आले. बाई बारीक झाल्या होत्या. नमस्कार केला तोही हातानंच. मी दार लावलं, पंखा बंद केला, मग उठून कूलरचं बटण बंद केलं. घरघर थांबली तशी खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. बाहेर चाळिसाच्या वरचं ऊन.

"आहो सर," यजमान म्हणाले, "गरमीनं जीव चाललाय. ते चालू ऱ्हाऊ द्या की."

"पाच मिनिटं थांबा."

"तवा तर चालू होता."

"हो," मी म्हणालो. "तेव्हा चालू होता."

बाईंनी श्वास घेतला. पहिला 'आ' दोन सेकंदांत तुटला. घशानं नव्हे, भीतीनं. पाय मोडलेला माणूस प्लास्टर निघाल्यावर पहिलं पाऊल टाकताना करतो तसं त्यांचं झालं. दुसराही तुटला. मी माइक बाजूला ठेवला आणि म्हणालो, "बाई, यंत्र सोडा. पहिलीचा वर्ग आहे, मागच्या ओळीतलं पोरगं खिडकीबाहेर बघतंय. त्याला ऐकू गेलं पाहिजे."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. खरीखुरी, शाळेतली आठी. आणि त्यांनी 'आ' धरला. मी स्टॉपवॉच दाबलं, माइक हळूच जागेवर सरकवला. सहा झाले, दहा झाले. यजमान खुर्चीवरून पुढं झुकले. चौदा. बाईंचे डोळे मिटलेले, गळ्याशी घाम, आणि आवाज सरळ, ताणलेल्या दोरीसारखा. सोळाला श्वास संपला.

आकडा आला. मी तो दोनदा वाचला. मग परत घेतलं, परत तोच. ठणठणीत.

त्या क्षणी मला चूक, करार, लाज काही आठवलं नाही. एवढंच कळलं की आवाज आहे. मी गप्प बसल्यानं तो मेला नव्हता.

मॅडमना बोलावलं. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं. "एकदम स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. मग दोन वर्षांपूर्वीचा कागद काढून दोन्ही शेजारी ठेवले. "मग हे काय होतं?"

"तेव्हा कूलर चालू होता मॅडम," मी म्हणालो. "त्याची घरघर शिरली असणार."

शिरली असणार. जणू मला आत्ताच सुचलं.

"हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

चौघंही माझ्याकडं बघत होते असं म्हणणार होतो, पण खोलीत माझ्याशिवाय तिघंच होते. चौथा मीच असेन.

"आत्ता," मी म्हणालो. "बंद करून बघितल्यावर."

मग यजमान म्हणाले, "म्हंजे घसा कूलरचा खराब होता, अन् गप्प बसली ही!"

आणि बाई हसल्या. मोठ्यानं, गळा सोडून. हसता हसता रडल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते नवऱ्याला, "आता सगळ्या टाळ्यांचा हिशोब करते तुमच्यासंग."

"कर की बाई," ते म्हणाले. त्यांचाही आवाज धड नव्हता. "लय दिवसाची बाकी हाय."

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या बाईंना म्हणाल्या, "चूक माझी आहे. बाकी सगळं चांगलं दिसत होतं आणि मी एका आकड्यावर विश्वास ठेवला. मी तुम्हाला बोलावून घ्यायला हवं होतं." त्यांनी शाळेसाठी नवं पत्र तिथल्या तिथं लिहिलं. मी बाजूला उभा होतो. माझ्या वाट्याचं त्या स्वतःकडं घेत होत्या आणि मी घेऊ दिलं.

गेल्या आठवड्यात वैशाखी पौर्णिमा झाली. बाईंनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. "खिरीला या," म्हणाल्या. फोनवरचा तो आवाज ऐकून मी काही वेळ नुसतं "हो, हो" करत राहिलो.

सकाळच्या पहिल्या बसनं गेलो. विहार लहानच आहे, पत्र्याचं छप्पर, पुढं लिंबाचं झाड. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, लेकरं पुढं बसवलेली. मोबाइलवाली मुलगी माइक घेऊन आली, तर बाईंनी तो बाजूला केला. उभ्या राहिल्या, हात जोडले, आणि सुरुवात केली.

माझा उजवा अंगठा आपोआप खिशात स्टॉपवॉच शोधायला गेला. स्टॉपवॉच आणलं नव्हतं. बरंच झालं. मग मी काहीच मोजलं नाही. तो आवाज पत्र्याला लागून परत येत होता, बाहेर लिंबाखाली चपला काढणाऱ्यांपर्यंत जात होता. कुठं कुठं जरा कापायचा, पण त्या न थांबता तिथूनच पुढं जायच्या. मागून एक म्हातारी म्हणाली, "बापाचाच गळा हाय." यजमान दाराशी भिंतीला टेकून उभे होते. ड्यूटीचे खाकी कपडे अंगावर, डोळे मिटलेले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या छातीत हवा पूर्ण भरल्यासारखी वाटली. देव मी फारसा मानत नाही, पण तिथं बसून मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानले.

खीर वाटताना बाई मला पुढं घेऊन गेल्या. लोकांना म्हणाल्या, "या सरांनी माझा आवाज परत दिला. बसमध्ये यांना वाटलं म्हणून यांनी स्वतःहून बोलावलं. न्हाईतर मी कधीच गेले नसते."

लोकांनी हात जोडले. एका मावशीनं वाटीत अजून एक पळी खीर ओतली. मी तोंड उघडलं. शब्द तयार होता, अगदी जिभेवर. आणि मी खीर खाल्ली.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःची समजूत घालून बघितली. दोन वर्षं घशाला आराम मिळाला तो वाया गेला नसेल. सगळं चांगलं झालं, आता बोलून कुणाला काय मिळणार? पण पूर्वीसारखी ती समजूत टिकली नाही. तो आराम नव्हता. नातवाला टाळी वाजवून बोलावणं होतं, मागं बसून ओठ हलवणं होतं. आणि आता मला भीतीही वाटत नाही, हे तिथंच लक्षात आलं. आवाज परत आलाय. मी खरं सांगितलं तर फार तर नोकरी जाईल. बाईंचा आवाज जाणार नाही. हा एवढा दिलासा मला बोलायला पुरेसा आहे. इतकी वर्षं नव्हता.

म्हणून आधी इथं लिहिलं. कागदावर लिहून झालं, म्हणजे तोंडानंही जमेल. जून उजाडायच्या आत परत जाईन. बाईंची शाळा उघडायच्या आधी.

बाईंना आणि मॅडमना मी एक वाक्य देणं लागतो: मला ते त्याच मंगळवारी कळलं होतं. ते वाक्य मी त्यांना अजून दिलेलं नाही.